चौथं झाकण

तुमेनजार्गल आला तेव्हा उणे एकवीस होतं,
कॉम्प्रेसर दमेकऱ्यासारखा खोकत होता.
"उतरव ही," म्हणाला.
ही म्हणजे काळी, अठरा इंची, दहा आऱ्यांची चाकं,
भावानं बुसानहून पाठवलेली.
शरदात त्यानं माझ्याच अंगणात
जुनी पंधरा इंची उतरवायला लावली होती
आणि त्यांवरची करडी प्लास्टिकची झाकणं
बुटाच्या टोकानं बाजूला सारली होती.

आमच्या उलानबातरात प्रियुस चिमण्यांसारख्या:
जपानात म्हाताऱ्या होतात, इथे पुन्हा कामाला लागतात.
त्याची टॅक्सी त्यातलीच, तीन लाख किलोमीटर झालेली.

त्यानं वही काढली.
आधी शंभराला पाच लिटर आणि थोडं.
आता सहाला टेकलंय.
"बायको विचारते, पेट्रोल जातं आणि भाडं येत नाही,
मग तू जातोस तरी कुठे?
काय सांगू? चाकात जातो म्हणून?"

मी मटण तोलायचा काटा आणला.
नवं चाक टायरसकट बावीस किलो,
जुनं साडेपंधरा.
"एवढंच?" तो हसला.
"मागच्या सीटवरच्या म्हातारीची पिठाची पोती
याहून जड असतात."

माझे वडील शर्यतीचे घोडे तयार करायचे.
पाठीवरचं वजन त्यांना चालायचं,
पण नाल ठोकताना लोखंड असं निरखायचे
जसं सोनार निरखत असावा.
पाठीवरचं घोडा नुसतं वाहून नेतो, म्हणायचे,
खुरावरचं त्याला
प्रत्येक पावलाला नव्यानं उचलावं लागतं.

तेच सांगितलं त्याला.
पोत्याला पुढे नेलं की झालं,
चाकाला पुढेही न्यायचं आणि गरगरा फिरवायचंही,
आणि वजन जितकं कडेला तितकं ते हट्टी.
शांतता पुलाच्या गर्दीत तू दिवसात
किती वेळा थांबतोस, किती वेळा निघतोस, मोज.
"ब्रेक दाबला की बॅटरीत परत येतं ना?"
येतं थोडं.
दिलेली उधारी कधी पुरती परत आलीय तुझी?

तो गप्प. मग हळूच,
"पण दारखानच्या रस्त्याला सिग्नलच नाहीत."

तिथे वारा आहे, बाबा.
हे दहा आरे म्हणजे दहा रव्या,
नव्वदच्या वेगात हवा घुसळत राहतात,
दिवसभर घुसळतात,
आणि लोणी निघत नाही.
ती करडी, चपटी, कुरूप झाकणं होती ना,
ती हवेला म्हणायची, जा, तू तुझ्या वाटेनं जा.

"कुठे आहेत ती?"

तीन कुंपणावर टांगलेली होती, बर्फानं जड.
चौथ्यात
खासार सकाळचं हाडूक फोडत होता.
मी एक पाऊल पुढे टाकलं,
त्यानं नुसता ओठ वर केला.
तुमेनजार्गल म्हणाला, "राहू दे, तीन चालतील."

पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणतात.
चाकांचं आणता येतं,
चार महिने तरी.

त्सागान सारला तो पुन्हा आला,
काखेत निळं चिनी मातीचं भांडं, कुत्र्यासाठी.
खासारनं हुंगलं,
आणि जाऊन आपल्या झाकणावर हनुवटी ठेवून झोपला.
"वही काय म्हणते?" मी विचारलं.
"पाच-तीन."
"आणि बायको?"
"ती म्हणते, आता वहीत खोटं लिहायला लागलास."

अजूनही संध्याकाळी टेकडीवरून गाड्या उतरतात,
सगळ्या सारख्याच,
त्यातली त्याची मला डाव्या मागच्या चाकावरून कळते,
तेवढं एक उघडं.

काळी चारही माझ्या शेडला टेकून आहेत.
कुणी विचारलं तर देईन.
काल रात्री बर्फ पडला, सकाळी ऊन आलं,
आऱ्याआऱ्यावर उजेड बसला.

उभी असली की
फार देखणी दिसतात.